कातडी छान दिसतेय तरी क्रीम लावायचंच

माझ्या लेकीला इसब आहे, डॉक्टरांच्या भाषेत अटोपिक डर्मटायटिस. आता साडेतीन वर्षांची आहे ती. वर्षाची व्हायच्या आधीच गालांवर लाल चट्टे आलेले, मग कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, आणि आता मनगटं नि घोटे. आम्ही नाशिकला राहतो, इथे थंडी सुरू झाली की हवा कोरडी होऊन मोठ्यांचेही ओठ फुटतात, मग हिची कातडी तर विचारूच नका. बऱ्याच मैत्रिणी विचारत असतात रोज नेमकं काय काय करतेस, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, कातडी छान मऊ दिसत असते ना त्या दिवशी पण क्रीम, म्हणजे कातडीचा ओलावा धरून ठेवणारं साधं मॉइश्चरायझर, लावायचंच. सासूबाई मायेनेच म्हणतात, "अगं राहू दे की आज, बरी झालीये आता", पण ती बरी दिसतेय ती रोजच्या क्रीममुळेच दिसतेय, आणि दोन-तीन दिवस सुटलं की पुन्हा खाजवणं सुरू होतं.

असं का होतं तर या मुलांची कातडी माठासारखी झिरपते, आतलं पाणी बाहेर निघून जातं. आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू हे सगळं आत शिरायला बघतं. कातडीच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो हे 2006 मध्ये संशोधकांनी दाखवलं. सगळ्याच मुलांमध्ये हा दोष सापडतो असं नाही, पण वरचा थर कमजोर असणं हे या आजाराच्या मुळाशीच आहे. त्यामुळे "अंगात उष्णता आहे", "गरोदरपणात काहीतरी खाल्लं असशील" असं कोणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं, त्या आईसाठी वाटतं, कारण ती आधीच रात्ररात्र जागून थकलेली असते.

आंघोळ आम्ही संध्याकाळी घालतो, पाणी कोमट, आणि पाच ते दहा मिनिटांत उरकायची. कढत पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण नंतर खाज दुप्पट. नेहमीचा साबण नाही, बिनसाबणाचं, बिनवासाचं क्लिन्झर, ते पण जिथे मळ असतो तिथेच. डाळीचं पीठ, साय-हळद, उटणं, घासणी, हे आपल्याकडे तान्ह्या बाळापासून चालतं आणि निरोगी कातडीला चालून जातही असेल, पण इसबाच्या कातडीवर घासणं म्हणजे जखम करणं. दिवाळीत अभ्यंगस्नानाला हिला तिचं नेहमीचं क्रीम चोळतो, उटण्याचं फक्त बोट कपाळाला लावायचो ते पण बंद केलं कारण त्यातल्या वासाच्या वस्तूंनी चुरचुरतं. धुरी पण नाही. तेलाचं सारखं विचारतात म्हणून सांगते, मोहरीचं आणि ऑलिव्ह तेल नको, त्यांनी कातडीचा थर आणखी बिघडतो. खोबरेल तेलाचं तसं नाही, फिलिपिन्समध्ये लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात व्हर्जिन खोबरेलाचा चांगला उपयोग दिसला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात ते पुरतं पण थंडीत नुसत्या तेलावर भागत नाही, जाड मलमच लागतं.

अंग पुसायचं नाही, टॉवेलने टिपायचं, आणि थोडं ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत क्रीम. मी बाथरूमच्या दारातच लावते. डब्यात बोटं घालायची नाहीत, स्वच्छ चमच्याने काढून घ्यायचं, आणि केसांच्या दिशेने वरून खाली हलकेच फिरवायचं, उलटसुलट रगडलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. किती लावायचं, तर बहुतेकांना वाटतं त्याच्या कितीतरी पट! लहान मुलाला सगळ्या अंगाला दिवसातून दोनदा लावायचं म्हटलं तर आठवड्याला पाव किलो सहज लागतं. म्हणून महागडं छोट्या ट्यूबमधलं क्रीम आणून पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनचं साधं मलम मोठ्या डब्यात आणलेलं कधीही चांगलं. फक्त एक काळजी घ्या, असं मलम कपड्यांत, चादरीत मुरतं आणि मग ते कापड पटकन पेट घेतं, त्यामुळे देवापाशी निरांजन, गॅस, फुलबाज्या यांच्यापासून मूल लांबच ठेवायचं.

आता स्टेरॉइडचं क्रीम, म्हणजे चट्ट्याची लाली नि खाज उतरवणारं, डॉक्टर लिहून देतात ते औषध. हे नाव ऐकलं की घरोघरी घाबरतात, आणि त्या भीतीने चट्टा लाल भडक असताना पण हे क्रीम चाटण लावल्यासारखं लावतात, मग तो बरा होत नाही आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. आमच्या डॉक्टरांनी बोटाचं माप शिकवलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलं की साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि ते मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा एक पूर्ण हात चट्ट्यांनी भरला असेल तर अशी दोन मापं, पूर्ण पायाला तीन. चेहऱ्याला सौम्यच, जितके दिवस सांगितलंय तितकेच दिवस, आणि लाली गेली की डॉक्टर सांगतील तसं कमी. मॉइश्चरायझर आणि औषध यांच्यात अर्धा तास तरी ठेवते.

मेडिकलवाल्याला चट्टा दाखवून क्रीम आणू नका प्लीज. "खाज-खरूज-नायटा सगळ्यावर चालतं" असं म्हणून देतात त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्ट्राँग स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. 2018 मध्ये सरकारने बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली तरी सर्रास मिळतात. लहान मुलाच्या चेहऱ्यावर असलं काही महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लालबुंद होते आणि ते निस्तरणं मूळ इसबापेक्षा अवघड.

रात्र सगळ्यात कठीण, झोपेत खाजवतात. नखं बारीक कापलेली, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, लोकरीचा स्वेटर आतल्या सुती कपड्यावरच, आणि खोली जास्त उबदार नाही कारण घामाने खाज वाढते. रडायला लागली की गार ओलं फडकं ठेवून वर क्रीम, "खाजवू नकोस" असं ओरडून काही होत नाही, तिच्या हातात ते नसतंच.

खाण्याचं म्हणाल तर वांगं, आंबट, अंडं, दूध असं एकेक बंद करत मुलाला उपाशी ठेवू नका. काहींना खरंच फूड ॲलर्जी असते, पण ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची. प्लेग्रुपमध्ये मी टीचरना आधीच सांगितलंय की हे कुणाला लागत नाही, बाकीच्या मुलांनी हिचा हात धरला तरी काही होत नाही, आणि हात धुतल्यावर लावायला छोटी डबी दप्तरात असते.

एवढं मात्र नीट लक्षात ठेवा. चट्ट्यातून पाणी येऊन पिवळी खपली धरली, जागा गरम लागली किंवा दुखायला लागली तर तिथे जंतू शिरलेत. आणि एकसारखे छोटे फोड किंवा गोल कोरल्यासारख्या जखमा झपाट्याने पसरल्या, सोबत ताप आला, मूल मलूल झालं तर ते नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचं इन्फेक्शन असू शकतं, डोळ्यांजवळ आलं तर आणखीच घाईचं. ओठांवर तापाचे फोड आलेल्या माणसाने अशा मुलाची पापी घ्यायची नाही ती यासाठीच. अशा वेळी सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्र असली तरी इमर्जन्सीत घेऊन जा आणि मुलाला इसब आहे हे तिथे पहिल्यांदा सांगा.