धुकं म्हणाली आई, मी हो म्हटलं

सकाळी साडेसहाला बाल्कनीतून फोटो काढून आईला पाठवला. रोजच पाठवते. आज जवळच्या चार लाटा तेवढ्या दिसत होत्या आणि पुढे सगळं दुधात राख कालवल्यासारखं, क्षितिजाची रेघ गायबच. आईचा लगेच मेसेज, 'अगंबाई, काय छान धुकं पडलंय! दारं उघडी टाक, हवा खेळू दे जरा.' आणि मी चक्क 'हो ना, मस्त' लिहून मोकळी झाले, वर एक बदामपण टाकला.

तेव्हापासून डोक्यात तेच. का नाही सांगितलं की आई, हे धुकं नाहीये. धुक्याला जळकट वास नसतो, घसा असा खवखवत नाही. कालच पुसलेल्या कठड्यावर मगाशी बोट फिरवलं तर पांढरी रेघ उमटली आणि बोटाला बारीक काजळ, साबणाने दोनदा धुवावं लागलं. अगदीच धुकं नव्हतं असंही नाही म्हणा, दमट हवेत धुराचे कण पाणी पिऊन फुगतात आणि होतं त्याहून दाट दिसतं. म्हणजे मी निम्मंच खोटं बोलले. पण बोलले.

आणि का बोलले तेही माहितीये. हे घर माझ्या हट्टाचं. सगळे नको नको म्हणत असताना माझा एकच धोशा, समोर समुद्र आहे, हवा बघा, हवा! ह्यांनी अजून एकदाही टोमणा मारलेला नाही. तेच जास्त लागतं.

बघायला आलो तेव्हा जुलै होता ना, तिथेच फसले. पावसाळ्यात वारा दिवसरात्र समुद्राकडून येतो, तोही जोराचा, वरून पाऊस हवेतली धूळ खाली बसवतो. जुलैत कुठलं शहर वाईट दिसेल? स्थळ बघायला आलेल्यांसमोर घर आवरून ठेवतात तसं. जानेवारीत एकदा यायला हवं होतं, पहाटे, न सांगता.

हिवाळ्याचं गणित मला खूप उशिरा कळलं. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते म्हणून वारा पाण्यावरून आत येतो, रात्री जमीन आधी गार होते म्हणून तो उलटा, शहराकडून समुद्राकडे जातो, हे शाळेत होतंच, मार्कही मिळाले होते. पण रात्रीचा तो वारा इतका मरतुकडा असतो की शहराचा धूर फार लांब नेतच नाही, पाण्यावर थोडा पुढे ढकलून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी वारा फिरला की त्यातला बराचसा माल परत. म्हणजे मी डोळे मिटून, तोंड वर करून जी 'समुद्राची हवा' घेत उभी राहायचे, ती निदान थोडी तरी आमचीच कालची होती. शिळी.

त्यात थंडीत रात्री आकाश निरभ्र, जमीन भराभर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला. धूर वर जाणार कुठे! मागे डोंगर असले की आडवी वाटही बंद. लॉस एंजेलिसचं तेच. १५४२ मध्ये काब्रियो नावाचा दर्यावर्दी तिथल्या किनाऱ्यावर पोचला तर खाडीवर धूर साचलेला, त्याने नावच ठेवलं 'धुराचा उपसागर'. तेव्हा ना गाड्या ना कारखाने, तिथल्या लोकांनी पेटवलेल्या आगी फक्त. हे वाचून मला जरा बरंच वाटलं, का ते विचारू नका.

मग दुपारपर्यंत स्वतःची कीव करून झाली. अ‍ॅप उघडलं, मोठा आकडा बघून घाबरले, मग लक्षात आलं की तो हवेच्या दर्जाचा निर्देशांक आहे, मायक्रोग्रॅम नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी, दिवसाला १५ मायक्रोग्रॅम आहे, घनमीटरमागे, आणि मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून उगीच रडकुंडीला आलेले. बरोबर आकडा बघितला. तोही १५ च्या आसपास नव्हताच, पण रडू तरी थांबलं.

ह्यांचा खोकला... जाऊ दे.

आता असं ठरवलंय की थंडीभर सकाळी खिडक्या बंद. ऊन चांगलं तापलं, झाकण फुटलं, वारा फिरला की उघडायच्या, अंधार पडायच्या आत परत लावायच्या. सासूबाई दुपारी झोपतात तेव्हा कडीचा आवाज होऊ न देता. समुद्रासमोर घर घेऊन मी त्याच्या ऑफिसच्या वेळा सांभाळतेय.

आज दीडला आला वारा. आधी पडदा हलला, मग दोन-अडीचपर्यंत समोरची रेघ हळूहळू उमटली, पेन्सिलीने काढल्यासारखी, आणि तिच्यावर एक जहाज. लगेच फोटो काढून आईला पाठवला. म्हटलं आता खरं काय ते सांगून टाकू, टाइपही करायला घेतलं.

तेवढ्यात तिचंच आलं, 'गेलं वाटतं धुकं. सकाळचा जास्त छान होता गं.'