तीन हॅम्पडेन आणि एक कबर: अँड्र्यू वॉटसनच्या मागावर

भाचीकडे लंडनला तीन आठवडे राहायला गेलो होतो. तिने आखलेल्या यादीत टॉवर, ग्रीनिच, बाथ असं सगळं रीतसर होतं. मी त्यात दोन दिवस ग्लासगोचे घुसडले आणि एक दुपार रिचमंडच्या दफनभूमीची. बायको म्हणाली, "एवढे पैसे खर्चून कबरी बघायला?" कबर एकच आहे, एवढंच उत्तर मला सुचलं.

ती अँड्र्यू वॉटसनची. काळ्या वर्णाचा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. नुसता खेळाडूही नाही, पहिल्याच सामन्यात स्कॉटलंडचा कर्णधार! हे 1881 साली. फुटबॉल खेळायचे पैसे घेणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. पैसे घेऊन खेळायला इंग्लंडमध्ये 1885 ला परवानगी मिळाली, स्कॉटलंडमध्ये तर 1893 ला.

आम्ही सुरुवात ओव्हलपासून केली. तुम्हीही तिथूनच करा, कारण लंडनमध्ये उतरलेला मराठी माणूस नाहीतरी ओव्हलला जातोच. नॉर्दर्न लाइनवर ओव्हल नावाचंच स्टेशन आहे. बाहेर पडलं की मैदानाची भिंत आणि मागे गॅसच्या टाकीचा लोखंडी सांगाडा दिसतो. आपल्याला ओव्हल म्हटलं की 1971, वाडेकर आणि चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी आठवतात. पण त्याच्या नव्वद वर्षं आधी, 12 मार्च 1881 ला, याच मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला 6-1 असं धुतलं होतं. घरच्या मैदानावर इतक्या फरकाने इंग्लंड पुन्हा कधीच हरलं नाही. त्या दिवशी स्कॉटलंडचा कर्णधार होता चोवीस वर्षांचा वॉटसन, जागा बचाव फळीत. दोन दिवसांनी हाच संघ रेक्सहॅमला जाऊन वेल्सला 5-1 हरवून आला. रेक्सहॅमचं ते रेसकोर्स मैदान आजही वापरात आहे. माझं राहिलं, ज्यांना एक दिवस जास्त मिळेल त्यांनी जोडून घ्यावं.

लंडनच्या यूस्टन स्टेशनहून ग्लासगो सेंट्रलची गाडी साधारण साडेचार तास घेते. तिकीट जेवढं आधी काढाल तेवढं स्वस्त. आदल्या दिवशी काढलं तर विमान परवडेल. गाडीत कॉफीबरोबर साखरेची तपकिरी पुडी मिळाली, तिच्यावर 'डेमेरारा' छापलेलं होतं. ती पुडी मी खिशात टाकली. वॉटसनचा जन्म डेमेराराचाच, 24 मे 1856 चा. आजच्या गयानातला हा भाग तेव्हा ब्रिटिशांचा होता. वडील पीटर मिलर वॉटसन उसाच्या मळ्यांवर श्रीमंत झालेले स्कॉटिश गृहस्थ, आई हॅना रोज तिथलीच. गुलामगिरी संपल्यावर याच मळ्यांसाठी 1838 पासून आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, जहाजांत भरून नेले गेले, म्हणजे अँड्र्यू रांगत होता तेव्हा आजूबाजूच्या उसात भोजपुरी नक्की ऐकू येत असणार. वडिलांनी त्याला आणि थोरल्या बहिणीला ब्रिटनला आणलं. हॅलिफॅक्सची शाळा झाली, मग लंडनचं किंग्ज कॉलेज स्कूल. 1869 ला वडील वारले आणि पोराच्या नावावर चांगली घसघशीत रक्कम राहिली. हौशी खेळाडू म्हणून जगणं त्याला परवडलं ते या उसाच्या पैशावर. त्यामुळे त्याची गोष्ट नुसतीच गोड करून सांगणं मला जमत नाही.

ग्लासगोत पहिल्या दिवशी मी मोठा गाढवपणा केला. थेट हॅम्पडेन पार्क, म्हणजे स्कॉटलंडचं राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियम गाठलं, तर तिथे कार्यक्रम, आणि आतलं फुटबॉल संग्रहालय बंद. चूक माझीच, आदल्या रात्री वेबसाइट बघायला हवी होती. सामना किंवा मैफल असेल त्या दिवशी आत सोडत नाहीत, हे लक्षात ठेवून दिवस निवडा.

मग पश्चिमेकडे मोर्चा वळवला. ग्लासगोचा सबवे म्हणजे 1896 पासून चालणारी गोल फिरणारी छोटी गाडी. स्टेशनं पंधरा, चुकलात तरी फिरून तिथेच येता. डबे इतके बुटके की आपल्या लोकलची सवय असलेला माणूस दारातच मान खाली घालतो. हिलहेडला उतरून विद्यापीठ पाहिलं. 1875 मध्ये वॉटसन इथे निसर्गशास्त्र, गणित आणि इंजिनियरिंग शिकायला आला. निसर्गशास्त्र म्हणजे आजचं भौतिकशास्त्र, आणि त्याच्या प्राध्यापकाच्या खुर्चीवर तेव्हा विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन होते. वॉटसनने वर्षभरात शिक्षण सोडलं. पाय मैदानाकडे ओढत होते, दुसरं काय!

तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर पार्टिकमध्ये वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लब आहे. 30 नोव्हेंबर 1872 ला स्कॉटलंड-इंग्लंड हा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना या क्रिकेटच्या मैदानावर झाला, 0-0. स्कॉटलंडचा तो संघ क्वीन्स पार्क या एकाच क्लबने उभा केला होता. बाहेरून कुंपणातून बघितलं आणि निघालो.

दुसरा दिवस खरा. ग्लासगो सेंट्रलहून कॅथकार्ट सर्कलची लोकल पकडा आणि क्रॉसहिलला उतरा, दहा मिनिटंही लागत नाहीत. माउंट फ्लोरिडाला उतरू नका, मी आदल्या दिवशी तेच केलं होतं. ते स्टेशन आजच्या हॅम्पडेनचं. वॉटसनचं हॅम्पडेन क्रॉसहिलजवळ आहे. हॅम्पडेन हे क्वीन्स पार्क क्लबच्या मैदानाचं नाव, आणि अशी मैदानं एक नाही, तीन झाली, आणि तिन्ही एका सकाळी चालत होतात.

पहिलं आता बोलिंग क्लब आहे. किंग्सले गार्डन्सच्या घरांमागे गालिच्यासारखं कापलेलं चौकोनी हिरवळीचं मैदान, कडेला लाकडी बाकं, शेजारून लोकलची लाइन. ही लाइन येणार म्हणूनच क्वीन्स पार्कला 1883 मध्ये इथून उठावं लागलं. 11 मार्च 1882 ला वॉटसन इथे इंग्लंडविरुद्ध खेळला आणि स्कॉटलंड 5-1 ने जिंकलं. क्लबच्या भिंतीवर त्या सामन्याचं मोठं रंगीत चित्र आहे. मी गेलो तेव्हा एक आजोबा गुडघ्यावर बसून कात्रीने हिरवळीची कड कापत होते, अगदी नखं कापावीत तशी. मी भिंतीकडे बोट करून वॉटसनचं नाव घेतलं. ते उठले, हात पँटला पुसले आणि मला आत घेऊन गेले. गवतावर पाय टाकायच्या आधी त्यांनी माझ्या बुटांच्या तळव्यांकडे नजर टाकली, मग म्हणाले, कडेकडेने चला. तेवढ्यात मागून लोकल गेली आणि बाकावरचा चहाचा कप किणकिणला. हे खासगी क्लबचं आवार आहे, तेव्हा उन्हाळ्यात जा, विचारून आत जा, आणि टाचांचे बूट घालू नका.

पण वॉटसन या जागेचा कसा झाला? आधी तो मॅक्सवेल आणि पार्कग्रोव्ह या छोट्या क्लबांतून खेळला. पार्कग्रोव्हचा तर तो सेक्रेटरीही होता. 1880 च्या एप्रिलमध्ये क्वीन्स पार्कने त्याला घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथलाही सेक्रेटरी केलं. आपल्याकडे मंडळात सेक्रेटरी म्हणजे वर्गणी, पत्रं, भांडणं आणि शेवटी शिव्या. तिथेही वेगळं नसावं. क्वीन्स पार्क तेव्हा देशातला सगळ्यात तगडा क्लब होता. इंग्लंडचे खेळाडू चेंडू पायात घेऊन एकटे धावत, हे लोक एकमेकांना पास देत पुढे सरकत. वॉटसनबद्दल तेव्हाच्या फुटबॉल वार्षिकात लिहिलंय ते त्याच्या वेगाबद्दल, टॅकलबद्दल आणि खणखणीत किकबद्दल. रंगाचा उल्लेख नाही. क्वीन्स पार्ककडून त्याने 1881, 1882 आणि 1886 असे तीन स्कॉटिश कप जिंकले.

गंमत म्हणजे क्लबच्या नावातली क्वीन व्हिक्टोरिया नव्हे. क्लबचं नाव शेजारच्या बागेवरून, आणि बागेचं नाव स्कॉटलंडच्या राणी मेरीवरून. तिने 1568 ची लँगसाइडची लढाई इथेच हरली. क्रॉसहिलहून वर चढून बागेतल्या झेंड्याच्या टेकाडावर जा, अख्खं ग्लासगो दिसतं. भूक लागली तर खाली गोवनहिलमध्ये अॅलिसन स्ट्रीटवर उतरा. तिथे समोसे, नान आणि हिरव्या मिरच्या मिळतात, तेही दुकानदाराशी हिंदीत बोलून.

दुसऱ्या हॅम्पडेनसाठी पूर्वेकडे दहा-पंधरा मिनिटं चाला. आता ही कॅथकिन पार्क नावाची सार्वजनिक बाग आहे. 1903 मध्ये क्वीन्स पार्क निघून गेल्यावर इथे थर्ड लॅनार्क क्लब खेळायचा. तो 1967 मध्ये बंद पडला. प्रेक्षकांच्या पायऱ्या तशाच आहेत, आणि पायऱ्यांमधून झाडं वर आली आहेत. माणसं उभी राहायची तिथे आता खोडं उभी आहेत. बायको या जागेवर सगळ्यात जास्त वेळ बसली. पावसानंतर पायऱ्यांवर शेवाळ असतं, घसरतं. मी एकदा बसलोच.

तिसरं हॅम्पडेन, म्हणजे आजचं मोठं स्टेडियम, तिथून दहा मिनिटांवर. या वेळी दार उघडं होतं. स्कॉटिश फुटबॉल म्युझियममध्ये 1873 चा स्कॉटिश कप आहे. तो हाताएवढाच, चांदीचा, पाहुण्यांसाठी काढलेल्या सरबताच्या भांड्यासारखा. वॉटसनच्या हाताला लागलेली ही वस्तू काचेपलीकडे एक वीत अंतरावर होती. इथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव 2012 मध्ये गेलं. दीड-दोन तास ठेवा, आणि स्टेडियमची फेरी हवी असल्यास वेळ आधी राखून ठेवा. क्वीन्स पार्क क्लब मात्र 2019 पर्यंत हौशीच राहिला होता. खेळासाठी खेळ, असं त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य आहे.

एक सूचना: ग्लासगोत स्कॉटिश बँकांच्या नोटा हातात येतात. त्या तिथेच संपवा. लंडनमध्ये एका दुकानदाराने माझी दहा पौंडांची नोट उजेडात धरून तीनदा उलटली आणि शेवटी परत केली.

स्कॉटलंडकडून वॉटसनचे सामने तीनच का? 1882 ला तो लंडनला राहायला गेला, आणि स्कॉटिश फुटबॉल संघटना तेव्हा स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनाच निवडायची. त्याच वर्षी पहिली बायको जेसी वारली, दोन लहान मुलं मागे ठेवून. लंडनमध्ये तो स्विफ्ट्स क्लबकडून आणि नंतर कोरिंथियन या हौशी मंडळींच्या संघाकडून खेळला. 1884 मध्ये इंग्लंडचा एफए कप जिंकलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्सला कोरिंथियनने 8-1 हरवलं, त्या संघात तो होता. पुढे दुसरं लग्न, लिव्हरपूलजवळ बूटलकडून खेळणं, आणि मग फुटबॉल संपलं. मरीन इंजिनियरच्या परीक्षा देऊन तो जहाजांवर नोकरीला लागला. वारशाचा पैसा पुरला नसावा, असं मला वाटतं. बरीच वर्षं लोक समजत होते की तो ऑस्ट्रेलियात वारला. प्रत्यक्षात तो लंडनच्या क्यू भागात फॉरेस्ट रोडवर राहत होता. 8 मार्च 1921 ला न्यूमोनियाने गेला.

रिचमंडला डिस्ट्रिक्ट लाइनने जाता येतं. स्टेशनपासून दफनभूमी चढाच्या रस्त्याने पायी अर्धा तास, रिचमंड पार्कच्या अलीकडे. तिथे पोचून शोधू, असं अजिबात करू नका. जागा प्रचंड आहे आणि पाट्या कमी. आम्ही पाऊण तास ओल्या गवतातून फिरलो, बायकोच्या चपला पार भिजल्या. दफनभूमीच्या कार्यालयाला आधी ईमेल करून विभाग आणि कबरीचा क्रमांक मागवा, आणि हिवाळ्यात असाल तर दुपारी चारच्या आत आटपा, अंधार होतो.

शेवटी बायकोनेच शोधली. 2021 मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, त्या सुमारास कबरीची डागडुजी झाली आहे, त्यामुळे नाव वाचता येतं. मी खिशातून ती डेमेराराची पुडी काढली आणि दगडाच्या पायाशी ठेवणार होतो. बायको म्हणाली, "मुंग्या येतील." पुडी परत खिशात गेली. चहाची वेळ झालीच होती, रिचमंड स्टेशनसमोर चहा घेतला आणि त्यात ती टाकली.