नवतपातली चक्कर

आमचं लग्न २७ मे २००१ चं. गुरुजींना मुहूर्त दिसला, माझ्या वडिलांना कार्यालय रिकामं दिसलं आणि पाहुण्यांच्या पोरांना शाळेच्या सुट्ट्या होत्या. नवतपा मात्र कुणालाच दिसला नाही. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस आमच्याकडे ऊन पडत नाही, ओतलं जातं. अंतरपाट दूर झाला तेव्हा यांनी आधी कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चोवीस वर्षं झाली, मी ते विसरलेली नाही.

लेक पुण्याला असते. यंदा तिने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाआधी एक लांबलचक यादी पाठवली. जोडप्यांनी कुठे जावं, काय करावं, त्याच्या कल्पना. 'आईबाबा, तुम्ही कुठे जातच नाही,' असं वर लिहून. गच्चीवर मेणबत्त्या लावून जेवण. झाडाखाली सतरंजी अंथरून दुपारची सहल. जुन्या बाजारातून हातात हात घालून रमतगमत फेरफटका. मी वाचत होते, हे पन्हं पीत ऐकत होते.

"बाप्पा! गच्चीवर मेणबत्ती कायले लावायची?" हे म्हणाले. "नुसती ठेवली तरी वितळते."

हातात हातही बाद झाला. बडकस चौकात मे महिन्यात कुणी कुणाचा हात धरला तर बघणाऱ्याला वाटेल, चक्कर आली बिचारीला, कांदा हुंगवा.

यादीत चूक काहीच नव्हती. ती ज्यांच्यासाठी लिहिली होती त्यांच्याकडे दुपार असते, एवढंच. नागपुरात मार्चनंतर दुपार हा प्रकार फक्त घड्याळात उरतो. इथल्या प्रत्येक जोडप्याबरोबर सूर्य असतोच, लग्नात आलेल्या आणि परत न गेलेल्या मामासारखा. त्याचा डोळा चुकवून जेवढं फिरता येईल तेवढा आमचा प्रणय. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. आमचा बारावा वाढदिवस चार दिवसांवर होता. यांनी भेट म्हणून कूलरला नवं खसाचं गवत लावून दिलं. मला ती भेट आजही सगळ्यांत आवडलेली आहे, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये. पहिलं पाणी पडल्यावर खोलीभर जो वास सुटतो, त्यापुढे बाटलीतलं अत्तर काय!

म्हणून इथली फिरण्याची गणितं वेगळी. पहाटे पाच ते सात सेमिनरी हिल्सवर जाता येतं. तेव्हा तिथे एवढी गर्दी असते की प्रेमात पडलेले कोण आणि साखर वाढलेले कोण, ओळखू येत नाही. फुटाळ्यावर संध्याकाळी सूर्य पाण्यापलीकडे बुडताना फार सुंदर दिसतो. मला नेहमी वाटतं, त्या काठावरची अर्धी माणसं सौंदर्य बघायला येत नसावीत, तो खरंच गेला ना याची खात्री करायला येत असावीत. मग रात्री जेवणं झाली की शहर बाहेर पडतं. 'चक्कर मारून येऊ,' असं एकाने म्हणायचं, दुसऱ्याने कुठे म्हणून विचारायचं नाही. शंकरनगर, धरमपेठ, एखादा गोळेवाला. दहा वाजताही गाडीची सीट गरमच असते.

पण या उन्हाने आम्हाला एक गोष्ट दिली, जी थंड हवेच्या गावांना कधी मिळणार नाही. तोंड झाकायची मोकळीक. मार्च लागला की नागपूरच्या मुली स्टोल बांधतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत असा की फक्त डोळे दिसावेत, आणि त्यावर गॉगल चढवला की तेही नाही. इतर गावात तोंड झाकून बागेत शिरलेल्या मुलीकडे चार माणसं वळून बघतील. इथे उघड्या तोंडाने गेलं तर बघतात, हिला ऊन लागेल म्हणून.

आमचा साखरपुडा जानेवारीत झाला आणि लग्न मेमध्ये. मधले चार महिने भेटायचं कसं? आजीचं म्हणणं सरळ होतं, "साखरपुडा झाला म्हंजे लगन झालं काय?" एप्रिलमध्ये स्टोलने मला वाचवलं. क्लासला जाते म्हणून निघायचं, व्हेरायटी चौकात स्टोल घट्ट करायचा आणि महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात. पिंजऱ्यासमोरच्या बाकावर आम्ही बसायचो. वाघ आतल्या सावलीत झोपलेला असायचा. फार काही बोललो असं नाही. मला पगार विचारायचा होता आणि यांना मला स्वयंपाक येतो का ते. दोघांनीही ते न विचारता उसाचा रस प्यायला. मी स्टोल फक्त नाकाखाली सरकवला होता.

तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यातले एक काका नातवाला घेऊन समोरून आले. माझ्याकडे बघितलं, पुढे गेले. ओळखलं नाही! मला त्या दिवशी स्टोल या वस्त्राविषयी जी कृतज्ञता वाटली, ती शालूविषयीही कधी वाटली नाही.

संध्याकाळी काका घरी आले. चहा घेतला. वडिलांशी निवडणुकीवर बोलले. उठता उठता म्हणाले, "महाराजबागेबाहेर तुमच्या पोरीची स्कूटी उभी दिसली. एमएच एकतीसची तीच ना? पंक्चर होऊन राहिली काय नेहमी?"

तोंड झाकलं होतं. गाडीचा नंबर कोण झाकतो?

लग्नानंतर आम्ही चिखलदऱ्याला गेलो. विदर्भात नवतपात लग्न केलेल्या माणसाला दुसरी अक्कल सुचूच शकत नाही. १८२३ मध्ये कुणी कॅप्टन रॉबिन्सन तिथे पोचला आणि साहेबांना थंड जागा सापडली. मला वाटतं, तोही मे महिन्यातच वर चढला असणार. परतवाड्यानंतर एसटी घाट चढायला लागली तशी खिडकीतून येणारी हवा बदलली. पहिल्यांदा यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी मोहरले. हे हळूच म्हणाले, "पिशवी आहे काय?" पुढचं लिहीत नाही. महाराष्ट्रात कॉफीची लागवड तिथे होते हे वाचून गेलो होतो. तीन दिवस लिंबूपाणी प्यायलो.

रामटेकची गोष्ट वेगळी. पन्नासेक किलोमीटरवर आहे, सकाळी जाऊन दुपारी परत यावं, खिंडसीला नाव फिरवावी, गडावर माकडांपासून प्रसाद सांभाळावा. शिवाय कालिदास. मेघदूतातला रामगिरी म्हणजेच रामटेक, असं नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी मांडलं. काही विद्वान तो मान छत्तीसगडच्या रामगढला देतात. मला संस्कृत शाळेपुरतंच येतं, तरी मिराशींच्या बाजूने माझा एक पुरावा आहे. ढगाला 'बाबा रे' म्हणावं, त्याची वाट पाहावी, त्याच्याशी मनातलं बोलावं, हे मे महिना इथे काढलेल्या माणसालाच सुचेल. महाबळेश्वरात कुणी ढगाशी बोलतं का?

गंमत म्हणजे, मेघदूतात ढगाबरोबर निरोप धाडणाऱ्या त्या यक्षाला कुबेराने एका वर्षासाठी बायकोपासून लांब ठेवलं होतं. म्हणजे ही ताटातुटीची जागा, आणि जोडपी तिथे स्मारकाजवळ गळ्यात गळे घालून फोटो काढतात. एका वर्षी आम्ही शहाणपणा केला. वाढदिवसच पुढे ढकलला आणि आषाढ लागल्यावर रामटेकला गेलो. गडावर ढग असे खाली उतरले होते की हात लावावा. हे बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "गच्चीवर वाळवण राहिलं." त्या यक्षाची बायको सुखी असावी. तिला निरोप तरी आला.

लेकीच्या यादीत शेवटी आकाशदर्शनही होतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, तिकडे जा, असं. ती कल्पना मला खरंच आवडली. हिवाळ्यात जाणार आहोत. मेमध्ये नको, कारण आमच्या मोहल्ल्यात मेमध्ये लाइट गेली की तशाच चांदण्या दिसतात, मान्यतेशिवाय.

मग यंदा २७ मेला काय केलं? दुपारी दोन वाजता आम्ही मेट्रोत बसलो.

हसू नका. डोक्यावर छत, भन्नाट एसी, बसायला जागा, आणि काचेपलीकडे ते ऊन, ज्याला आत यायचं तिकीट नाही. सीताबर्डीहून लोकमान्यनगरकडे निघालो. झाशी राणी चौक, शंकरनगर, पुढे खिडकीतून अंबाझरीचं पाणी. चोवीस वर्षांत मी हे तळं भर दुपारी डोळे उघडे ठेवून पाहिलं नव्हतं. पाणी पांढरं दिसत होतं. यांनी डब्यातून संत्रा बर्फी काढली. मेट्रोत खाऊ नये असा नियम आहे, म्हणून आम्ही ती फक्त बघितली आणि परत ठेवली.

समोर एक मुलगी आणि एक मुलगा. वेगवेगळ्या दारांनी चढले होते, मग योगायोगाने शेजारी जागा मिळाली असावी. एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. पाण्याची बाटली मात्र एकच होती.

शेवटचं स्टेशन जवळ आलं तशी मुलीने पर्समधून स्टोल काढला. डोक्यावरून घेतला, कानामागून फिरवला, एक टोक आत खोचलं. दुसरं टोक काही सापडेना. मी उठून मागून खोचून दिलं. "थँक्यू काकू," ती म्हणाली. फक्त डोळे उरले होते.

"गाडी कुठे लावली?" मी विचारलं.

"सीताबर्डीला, स्टेशनखाली. काहून?"

"नंबर झाकला ना?"

स्टोलच्या आत ती हसली असावी. मुलाचे कान तरी लाल झाले. गाडी थांबली, दारं उघडली, आणि लोकमान्यनगरच्या फलाटावरचं ऊन अंगावर आलं. यांनी समोर बोट दाखवलं. परतीची गाडी लागलेलीच होती.