आमची वाटचाल : दोन डबे, एक डबा, पुन्हा दोन डबे

पिकांच्या मुळांना उपयोगी सूक्ष्मजीव वाढवून विकायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे दोन खोल्या, एक ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), सूक्ष्मजीव वाढवताना द्रव हलवत ठेवणारा एक खडखडणारा जुना शेकर आणि दोनच उत्पादनं होती. एका डब्यात ट्रायकोडर्मा, म्हणजे बुरशी. दुसऱ्यात स्युडोमोनास फ्लुरोसन्स, म्हणजे जिवाणू. दोघांचं काम विचारलं तर एकच सांगायचो : मुळं कुजवणाऱ्या बुरशींना आवर घालणं. ट्रायकोडर्मा रोगबुरशीच्या तंतूला विळखा घालते, कायटिनेजसारखी विकरं सोडून त्याची भिंत विरघळवते आणि आतला ऐवज खाते. स्युडोमोनासची तऱ्हा वेगळी. तो प्रतिजैविकं सोडतो आणि भोवतालचं लोह आधी स्वतःकडे ओढतो, म्हणजे दुसऱ्याची उपासमार.

ग्राहक म्हणायचे, दोन डबे कशाला, एकातच द्या ना. आम्हालाही ते सोयीचं होतं. पॅकिंग निम्मं, वाहतूक निम्मी. ओलसर कॅरिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव धरून ठेवणाऱ्या भुकटीत, दोन्ही मिसळून नवं लेबल छापलं. भरण्याच्या दिवशी मोजणी केली तर दोघांचीही संख्या उत्तम आली.

तीन महिन्यांनी काही पाकिटं परत आली, फुगलेली. सूक्ष्मजीव वाढवायच्या काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटवर, पसरवून पाहिलं तर जिवाणूंची गर्दी होती आणि ट्रायकोडर्माचे हिरवे ठिपके बोटांवर मोजावेत इतके. मी तडकाफडकी मूळ कल्चर, म्हणजे बियाण्यासारखे वापरायचे जिवंत सूक्ष्मजीव, पुरवणाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिलं. पुढे त्यांची माफी मागावी लागली, कारण दोष कल्चरचा नव्हताच.

तो सापडला आमच्या लॅबमधल्या ताईंना. त्यांनी कुणालाही न विचारता एका पेट्रीडिशच्या एका कडेला ट्रायकोडर्माचा तुकडा ठेवला आणि दुसऱ्या कडेला स्युडोमोनासची रेघ ओढली. एरवी ही बुरशी चार दिवसांत अख्खी प्लेट व्यापते. इथे ती पांढऱ्या लाटेसारखी पुढे आली आणि रेघेच्या अलीकडे थबकली. मधे बोटाच्या पेराएवढी स्वच्छ पट्टी. ‘‘सर, हे दोघं एका डब्यात घातले होते आपण,’’ एवढंच त्या म्हणाल्या. ज्या जिवाणूला आम्ही बुरशीचा शत्रू म्हणून विकत होतो, तो आमची बुरशी आणि रोगाची बुरशी यांत फरक कशाला करील? हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

ताईंनी तीच प्लेट अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली. जिवाणूंच्या रेघेभोवती पिवळट हिरवी आभा होती. लोह पकडण्यासाठी जिवाणू जे रंगद्रव्य सोडतो, ते चमकतं. मग अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात, थोडं लोहाचं क्षार घालून तोच प्रयोग केला. आभा जवळपास गेली आणि मधली पट्टीही अरुंद झाली. पण पूर्ण मिटली नाही. म्हणजे भांडण फक्त लोहावरून नव्हतं.

यानंतर आम्ही जोड्या लावून पाहण्याच्या नादी लागलो, आणि खरं सांगतो, धंद्यापेक्षा त्यातच जास्त रमलो. रेघ दोन दिवस आधी ओढली तर जिवाणू जिंकतो. बुरशीला आधी पसरू दिलं तर ती त्याच्या डोक्यावरून जाते. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूच्या रेघेसमोर काही बुरशींचे तंतू टोकाशी फुगून वेडेवाकडे होतात. पोषक माध्यम पातळ केलं की निकाल बदलतो. प्लेट म्हणजे जिवाणूंसाठी मेजवानी. जमिनीत बहुतेक वेळ उपासच असतो. म्हणून प्लेटवर जमलं ते मातीत जमेलच, असं आता आम्ही कुणाला छातीठोकपणे सांगत नाही.

मात्र एका प्लेटने मला या दोघांकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावलं. अगारमधून एक उभी पट्टी कापून काढली, म्हणजे मधे कोरडी दरी राहिली. एका काठावर नुसते जिवाणू ठेवले तर ते तिथेच राहिले. जिवाणू पोहतात, पण त्यांना पाणी लागतं; मातीतल्या हवेच्या पोकळ्या त्यांच्यासाठी खिंडीच. दुसऱ्या प्लेटमध्ये त्याच काठावर जमिनीतून वेगळी केलेली एक बुरशी सोबत ठेवली. तिचे तंतू दरीवरून पलीकडे गेले आणि काही दिवसांनी पलीकडच्या अगारवर आमचेच जिवाणू उगवले. तंतूवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यातून ते पार झाले. संशोधक याला बुरशीचा हमरस्ता म्हणतात. जिवाणू जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा आणि तंतू काही मायक्रॉन जाड, पण जिवाणूच्या मानाने लांबी केवढी! सगळ्याच बुरशींवर हे जमत नाही; ज्यांचे तंतू पाणी झिडकारतात त्यांच्यावरून वाट काढणं अवघड जातं.

सध्या मायकोरायझावर, म्हणजे मुळांशी भागीदारी करून राहणाऱ्या बुरशीवर, हात बसवतोय. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, त्यामुळे कुंड्या, चाळण्या आणि भिंगाखाली बीजाणू टिपत बसणं आलं. तिचे तंतू स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंना साखर पुरवतात आणि त्यांनी मोकळा केलेला स्फुरद मुळापर्यंत नेतात. मुळाशी तिचा जम बसवायला मदत करणारे जिवाणूही आहेत. फ्रेंच संशोधक झां गार्बे यांनी 1994 मध्ये त्यांची दखल घेऊन ‘मदतनीस जिवाणू’ हे नाव रूढ केलं. काही जातींच्या बीजाणूंमध्ये, थेट पेशीच्या आत, जिवाणू राहतात. बाहेरून कितीही धुवा, ते आतच. ‘शुद्ध कल्चर’ या शब्दावरचा माझा विश्वास तिथेच जरा डळमळला.

ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास आता पुन्हा वेगळ्या डब्यांत जातात, आधी बुरशी आणि काही दिवसांनी जिवाणू अशा सूचनेसह. हा क्रम आमच्या दोन स्ट्रेनपुरता, म्हणजे आमच्याकडच्या विशिष्ट वाणांपुरता. दुसऱ्यांच्या डब्यावर लावू नका. ‘दोन डबे का’ हा प्रश्न अजून येतो, तेव्हा मी ताईंच्या प्लेटचा फोटो पाठवतो.

एकत्र नांदणारी एक जोडी मिळाल्यासारखी वाटतेय. सहा महिने ठेवून मोजायची आहे. कपाटातल्या त्या पाकिटांवर ताईंनी मार्करने लिहिलंय : ‘भांडण नाही’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘अजून’.