संगीताच्या मासिकाला फॉन्ट कुठला घ्यावा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा मुखपृष्ठ असतं. मी मात्र आधी विचारते, अंकात बंदिशी छापणार का, आणि त्याही स्वरलिपीसकट, म्हणजे सूर अक्षरांत लिहून? उत्तर ‘हो’ असेल तर फॉन्ट तिथेच ठरतो, बाकीचं मागाहून.

हिंदुस्थानी संगीताचे सूर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीच्या खुणा किती साध्या आहेत! कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर टिंब. वहीत हाताने लिहिताना काहीच अडत नाही. टाइप करताना मात्र लोक वेदपाठाच्या खुणा उसन्या घेतात. युनिकोडमधलं अनुदात्ताचं चिन्ह कोमलसाठी, उदात्ताचं तीव्रसाठी, मंद्राला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आणि तार सप्तकाला अनुस्वार. काम भागतं, पण प्रत्येक फॉन्टमध्ये भागत नाही.

‘ग’ घ्या. त्याचा काना अंगापासून सुटा असतो. कोमल गंधाराची रेघ दोन्हीखालून जायला हवी, पण ती आखूड असली की अर्ध्या अक्षराखालीच राहते. ‘नि’मध्ये तीच रेघ नुसत्या ‘न’खाली येते आणि वेलांटीचा दांडा उघडा पडतो. गाणाऱ्याची नजर सतत पुढच्या मात्रेवर असते. तोकडी रेघ निसटली की शुद्ध स्वर लागलाच.

माझी कसोटी दरबारी कानडा. मंद्रात रमणारा राग, आणि गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. म्हणजे मंद्र धैवताला एकाच अक्षराखाली रेघही हवी आणि टिंबही. इथे भलेभले फॉन्ट अडतात. टिंब रेघेत बुडतं, नाहीतर इतकं खाली जातं की पुढच्या ओळीतल्या बंदिशीच्या शब्दांवरची वेलांटी त्याला भिडते. दरबारीचा अस्ताई-अंतरा नीट बसला की बाकीच्या रागांची मला फारशी काळजी राहत नाही. यमनसाठी तीव्र मध्यमाची रेघ शिरोरेषेला चिकटत नाही ना, एवढं पाहते.

म्हणून मी खुल्या परवान्याचे फॉन्ट घेते. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ मला या कामासाठी सगळ्यात जवळचा वाटतो. त्याचा परवाना फेरफार करू देतो, त्यामुळे मंद्र कोमल धैवतासारखे स्वर रेघ-टिंबासकट एकेक अक्षर म्हणून त्यात घालून घेता येतात. फॉन्टचं काम जाणणाऱ्या माणसाला त्यासाठी पैसे द्यावे लागतात. ते द्यावेत. शिवाय ‘मुक्त’ ७ जाडींमध्ये मिळतो. कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला लागून येणारा निसटता स्वर, मुख्य स्वराच्या जवळपास निम्म्या आकारात छापला की त्याच्या रेषा विरतात. तो दोन पायऱ्या जाड घेतला की शेजारच्या स्वराच्या तोडीचा दिसतो.

रुंदीही बघा. तीनतालाच्या १६ मात्रा एका ओळीत बसवायच्या, आणि एखाद्या मात्रेत चार स्वर येतात. गोल, पसरट अक्षरं तिथे मावत नाहीत.

लेख आणि मुलाखतींसाठी मी ‘टिरो देवनागरी मराठी’ वापरते. नावाप्रमाणेच तो मराठीसाठी स्वतंत्र केलेला आहे, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, आणि लांबलचक मुलाखत वाचतानाही डोळा शिणत नाही. त्यात ठळक जाडी नाही, म्हणून उपशीर्षकं ‘मुक्त’मध्ये.

मुखपृष्ठावरचं नाव फॉन्टमधून घेऊच नका, सुलेखनकाराकडून लिहून घ्या. वर्षानुवर्षं तेच नाव छापायचं आहे.

आणि छपाईला देण्याआधी स्वरलिपीचं पान प्रत्यक्ष आकारात काढून एखाद्या गाणाऱ्याच्या हातात द्या. बंदीश त्याला आधी ठाऊक नसावी. पेटीवर सूर धरून त्याला गायला सांगा आणि तुम्ही पेन्सिल घेऊन शेजारी बसा. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. एकाच स्वरावर खुणा साठल्या, तर तो स्वर पुन्हा काढून घ्यायचा.