एकाच हिरव्या रंगात

विमानाच्या रेडिओचं बोलायचं बटण दाबलं आणि पडद्यावर कार्ब्युरेटरचं, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाचं, तापमान क्षणात ९ वरून ३ अंशांवर आलं. बटण सोडलं, पुन्हा ९.

जमिनीवरच होतो, इंजिन चालू. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "तुझं विमान बोलताना गारठतं वाटतं!"

हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

विमान हाताने बांधलेलं, सेन्सरही घरचाच. १० किलो-ओहमचा थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा छोटा भाग), इंजिनाचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यामागच्या रिकाम्या ०-५ व्होल्ट इनपुटला जोडलेला. नुसती हौस नव्हे हं. हवा दमट असेल तर बाहेर २० अंश असतानाही कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं.

खोट शोधण्यात अर्धा दिवस गेला. सेन्सर आणि रेडिओ एकाच अर्थिंगच्या वायरवर होते. बोलताना रेडिओ जास्त करंट ओढतो, त्या वायरवर ०.३ व्होल्टचा फरक पडतो आणि बिचारा पडदा त्यालाच थंडी समजतो. थर्मिस्टरची अर्थ वायर वेगळी काढून थेट पडद्यापर्यंत नेली. आकडा गप्प बसला.

खटकतंय ते वेगळंच. कारखान्यातून आलेलं ऑइल प्रेशर आणि माझं रविवारचं सोल्डरिंग, पडद्यावर दोन्ही एकाच टायपात, एकाच हिरव्या रंगात. जुन्या गेजचा काटा थरथरला तरी शंका यायची. इथे चुकीचा आकडाही इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

त्या रकान्याचं नाव बदलून आता 'घरचा' ठेवलंय.

तुम्ही त्या ३ वर विश्वास ठेवला असता, की ९ वर?