नोंद ९ : 'गड्या, आपला कनेटिकट बरा' हे विधान मागे घेतो

मंडळी, नोंद ८ मध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की फुल-बॉडीड (दाट चवीचे) सिगार हा माझा प्रांत नाही, पार्तागास या क्युबन ब्रँडचे दोन डी-फोर वाया घालवून शहाणा झालो, आता उरलेलं आयुष्य शेड रॅपर (सावलीत वाढवलेलं फिकट कनेटिकट पान बाहेरून गुंडाळलेले हलके सिगार) आणि सकाळचा चहा. ती नोंद विसरून जा. काल रात्री तिसरा डी-फोर बोटांना चटके बसेपर्यंत ओढला. एकदाही विझला नाही. घाम नाही, मळमळ नाही, जिभेवर डांबर नाही. खोकं तेच, बॅच तीच.

आधीच्या दोन वेळांची आठवण करून देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जूनच्या शेवटी पहिला पेटवला. पहिल्याच थर्डमध्ये (तिसऱ्या हिश्श्यात) एक बाजू सुसाट आणि दुसरी जागेवर, म्हणजे होडी. टच-अप केला, म्हणजे मागे राहिलेल्या बाजूला पुन्हा आग दाखवली, पुन्हा होडी. चारदा विझला. मी हट्टाने ओढत राहिलो आणि अर्ध्यावर आल्यावर कपाळाला थंड घाम सुटला. बाल्कनीच्या फरशीवर बसकण मारली. बायकोने हातात गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "अहो, हा छंद आहे की शिक्षा?" दुसऱ्या वेळी घाम कमी, कडवटपणा जास्त. मग मी आतल्या लिगेरो पानावर खापर फोडून मोकळा झालो. झाडाच्या शेंड्याचं पान, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, निकोटिनने भरलेलं. आपल्याला कसं झेपणार, असा माझा सिद्धांत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

हा सिद्धांत मोडला तो धाकट्या मेव्हण्याने. पंचवीसचं खोकं आम्ही वाटून घेतलं होतं, बारा माझे आणि तेरा त्याचे. तो दुबईत, एसी फ्लॅटमध्ये. फोनवर म्हणाला, "दाजी, मला तर कोको आणि मिरी लागतीये. तुम्ही काय वेगळंच ओढताय का?" एकाच खोक्यातला माल दोन गावांत इतका वेगळा लागत असेल, तर दोष पानाचा कसा?

मग ती हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) खरं बोलतो का ते तपासायची मिठाची परीक्षा, जी मी फेब्रुवारीत 'करतो, करतो' म्हणत टाळली होती. बाटलीच्या टोपणात मीठ, वर चार थेंब पाणी (चिखल व्हायला हवा, मीठ विरघळता कामा नये), शेजारी हायग्रोमीटर, सगळं झिपच्या पिशवीत बंद, २४ तास. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. डिजिटलने ७४ दाखवले, ठीक. लाकडी ह्युमिडॉरच्या (सिगार ठेवायच्या पेटीच्या) झाकणातला पितळी काटा मात्र ६५ वर बसून होता. म्हणजे सहा महिने ज्या '६६' वर मी खूश होतो, ते प्रत्यक्षात ७६ होते. तो पितळी काटा ही शोभेची वस्तू आहे. आजपासून तो माझ्या लेखी गणपतीसमोरच्या समईच्या रांगेत. फरक एवढाच की समईचा काही तरी उपयोग होतो.

पुढचा शोध त्याहून लाजिरवाणा. झाकण लावताना फटीत शंभराची नोट अडकवली आणि ओढली. सुळकन बाहेर. चारही बाजूंनी तेच. पुण्यात जुलैमध्ये बाल्कनीत माझ्या मीटरवर ८८ दिसतात, आणि ती हवा त्या फटींतून रात्रंदिवस आत येत होती. आतली बोव्हेडाची ६९ ची पाकिटं (आर्द्रता ६९ टक्क्यांवर धरून ठेवणारी) टम्म फुगलेली. उन्हाळ्यात ती पाणी देऊन सुकतात हे सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगतात, आणि पोट भरलं की हात वर करतात.

कळस तर अजून पुढेच आहे. दुसरा डी-फोर ओढण्याआधी मी त्याला रीतसर 'ड्राय-बॉक्स' केला होता, म्हणजे ओढण्याआधी सुकवायला ठेवला होता. परदेशी मंडळी सांगतात ना, आधी चार दिवस उघड्या सीडरच्या खोक्यात ठेवा. ठेवला. पुण्यात. जुलैत. खिडकीजवळ. चार दिवस भक्तिभावाने मी तो सिगार भिजवत होतो.

ओल्या पानाचं गणित सोपं आहे. पान फुगतं, ड्रॉ (धुराची वाट) आवळतो, आग धड लागत नाही. मग आपण जोरात आणि वारंवार ओढतो, सिगार तापतो, धूर कडवट होतो. वर सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडातल्या तोंडातच शोषलं जातं, छातीत न घेताही. मी मिनिटाला दोन-तीन झुरके घेत होतो. एवढ्यात तर माझ्या रोजच्या हलक्या कनेटिकटने, मॅकन्यूडोनेसुद्धा घाम फोडला असता. लिगेरो मुळातच सावकाश जळतो, म्हणून तर तो फिलरच्या (आतल्या भरणाच्या) मधोमध घालतात. त्यात ओल. व्होलादो-सेको (झाडाची खालची-मधली, पातळ पानं) जास्त असलेला हलका सिगार ओला असला तरी कसाबसा जळून जातो, म्हणूनच माझे कनेटिकट 'बरे' लागत होते.

उपाय : सगळा माल काढून स्वयंपाकघरातल्या चार बाजूंनी लॉक होणाऱ्या डब्यांत हलवला. सिलिकॉनची रबर असलेले घ्या, दिसायला शाळेच्या डब्यासारखे आहेत पण नोट हलत नाही. तळाला रिकाम्या खोक्यांतल्या सीडरच्या फळ्या. आणि ६२ ची पाकिटं. इथे आठवडा वाया गेला, कारण पहिल्या ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेली पाकिटं पापडासारखी कडक होती, पूर्ण किमतीला. दुसऱ्याकडची मऊ आली. ऑर्डर करण्याआधी पॅकिंगची तारीख विचारा, विचारलेली आवडत नसेल तर दुकान बदला.

आता माझ्या या हंगामातल्या सगळ्यात लाडक्या वस्तूबद्दल. सोनं तोलतात तसला छोटा डिजिटल काटा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. हायग्रोमीटर डब्यातल्या हवेबद्दल सांगतो, सिगारच्या पोटातली ओल नाही सांगत. काटा सांगतो. तिसरा डी-फोर डब्यात गेला तेव्हा ११.४२ ग्रॅम. दोन दिवसांनी ११.३०. मग चाल मंदावली, आणि शेवटचे तीन दिवस ११.०४, ११.०३, ११.०३. नऊ दिवसांत ३९ सेंटिग्रॅम पाणी गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याच पाण्याने मला फरशीवर बसवलं होतं. लागोपाठ दोन दिवस आकडा हलला नाही की सिगार तयार, हा माझा नवा नियम.

काल जेवण पोटभर, तासाभराने बाल्कनीत, पाऊस तिरका. गिलोटिनने टोपीचा जेमतेम टवका काढला (पंच, म्हणजे भोक पाडणारं कटर, मी आता फक्त पातळ रिंगसाठी, म्हणजे कमी जाडीच्या सिगारसाठी वापरतो, पन्नासच्या रिंगला तो डांबर गोळा करतो, हे माझं मत आहे, भांडायला या). कोल्ड ड्रॉमध्ये (न पेटवता ओढून बघताना) सुका अंजीर आणि गोठ्याचा वास, म्हणजे चांगलं लक्षण. मिनिटाला एकच झुरका, मोबाइल समोर ठेवून. पहिल्या थर्डमध्ये मिरी, नाकातून सोडला की ठसका येईल अशी. दुसऱ्यात ती मिरी मागे सरली आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा खमंगपणा आला. तळलेला नाही, निखाऱ्यावर भाजलेला. वाटणाची वेळ झाल्यावर सासुरवाडीच्या कोल्हापुरात गल्लीभर येतो तो वास. मी चक्क एकटाच हसलो.

आणि तिथेच मला कळलं की इतके दिवस मी दोन गोष्टींची गल्लत करत होतो. स्ट्रेंग्थ म्हणजे तिखट, बॉडी म्हणजे दाटपणा. पांढरा रस्सा तिखट नसतो पण तोंड भरून टाकतो. पातळ तर्री जाळ काढते आणि घशाखाली गेली की संपली. मला हवा होता दाटपणा, आणि मी त्याला निकोटिनची शिडी समजून घाबरत होतो. (श्रावणात घरात मटण बंद असताना हीच उपमा सुचावी, यात सगळं आलं.)

याची दुसरी बाजू आज सकाळी दिसली. नेहमीप्रमाणे चहाबरोबर मॅकन्यूडो पेटवला आणि पहिल्यांदाच तो मला पाणी घातलेल्या ताकासारखा लागला. तीन वर्षं ज्याने साथ दिली तो हा सिगार. जरा वाईट वाटलं. पण घाईने निकाल देणार नाही, कारण तो अजून दुसऱ्या, ६५ च्या पाकिटांच्या डब्यात होता आणि रात्रीचा डी-फोर जिभेवर रेंगाळत असणार.

रंगाबद्दल नोंद ६ मध्ये मी जे लिहिलं ते तर पूर्ण खोडून टाका. मडुरो (काळपट रॅपरचा सिगार) काळा म्हणून जोरदार, असं काही नसतं. काळेपणा बराचसा जास्त आंबवण्यातून येतो आणि कितीतरी मडुरो गोडसर, मऊ असतात. रॅपर फिकट आणि पोटात लिगेरो ठासलेला, हा जास्त धोकादायक प्रकार.

पुढचा बेत असा होता की आता निकाराग्वाचे जोरदार सिगार : आधी ओलिव्हा सेरी व्ही, मग होया दे निकाराग्वा आंतान्यो १९७०. हे लिहिता लिहिता बेत बदलला. एकदम आंतान्योवर उडी मारली आणि गडबडलो, तर दोष पानाचा की माझा, हे पुन्हा कळणार नाही. त्याऐवजी ओयो दे मॉन्तेरेची एपिक्युअर नंबर २. तीही क्युबन, तीही डी-फोरच्याच मापाची, १२४ मिलिमीटर आणि ५० ची रिंग, पण हलकी म्हणून ओळखली जाणारी. माप एक, देश एक, ओल एक, फरक फक्त मिश्रणाचा. मेव्हणा गणपतीला येतोय, तो बँड (नावाची कागदी पट्टी) काढून देईल, मी डोळे झाकून ओढेन. एका रात्रीत दोन नाही, मध्ये दोन दिवस सोडून.

आणखी एक डोक्यात आलं : एपिक्युअर एक ६२ ला आणि एक ६९ ला ठेवून ओढली तर? हलक्या सिगारला ओल किती सोसते याचा निकाल लागेल, आणि मॅकन्यूडोवर अन्याय झाला का तेही कळेल. म्हणजे तीन डबे लागणार. स्वयंपाकघरातून दोन डबे गेल्याचं अजून लक्षात आलेलं नाही, तिसरा जाताना येईल.

दिंडिगुलचा चिरूटही कोणीतरी आणून देणार आहे. आजोबा निपाणीच्या तंबाखूची विडी ओढायचे आणि आजी मिसरी लावायची, तेव्हा देशी तंबाखूपुढे हा नातू टिकतो का ते बघू. पण ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.

चौथा डी-फोर काल ११.२१ होता, आज ११.२०. तो जरा घट्ट लागतो बोटांना, म्हणून उद्या आणि परवा अजून वजन करेन.

ता. क. : पितळी काट्याला नवीन बॅटरी घाला असं सुचवणाऱ्यांना नम्र उत्तर, त्यात बॅटरी नसते. मीही आधी झाकण खोलून शोधली होती.